एकवीस की अठरा

क्लोटील हार्ग्रोव्हशी मी सहा वर्षं बोलले नव्हते आणि मेले तरी बोलणार नव्हते. माझ्या मयताला तिला दारातसुद्धा उभी करू नका, असं मी शॉन्ट्रेलला बजावून ठेवलं होतं. शॉन्ट्रेल म्हणजे माझी लेक. ती म्हणाली, "आई, मयताची सूचना चर्चमध्ये वाचणार कोण? सेक्रेटरी तीच आहे."

मी म्हटलं, "मग मी मरतच नाही जा."

आणि तशी मरायची मला हौसही नव्हती. मंगळवार, गुरुवार, शनिवार असे आठवड्यातले तीन दिवस मी डायलिसिसच्या खुर्चीवर चार-चार तास बसत होते, ते काय टीव्ही बघायला? रक्त बाहेर काढायचं, धुवायचं, परत आत घालायचं. साडेतीन वर्षं हेच चाललेलं. आधी डाव्या हाताची शीर बसली. मग सुया टोचायची सोय उजव्या हातात केली, तोही कुरकुरायला लागला. डॉक्टर म्हणाले, "मिसेस टॉलिव्हर, हा हात गेला की आपल्याकडे फारशा जागा उरणार नाहीत." आपल्याकडे म्हणे! हात माझा आणि आपल्याकडे.

आमच्या सेंटरात सोळा खुर्च्या आहेत. आमच्या ऑर्ली गावात गोऱ्यांची घरं काही कमी नाहीत, रुळांपलीकडचं अर्धं गाव त्यांचंच आहे. पण सोळांतल्या पंधरा खुर्च्यांवर आम्ही काळी माणसं. सोळाव्या खुर्चीवर मिस्टर डॉब्स होते, कापसाच्या जिनिंगचे मालक. माणूस चांगला, स्वतःचं वाचून झालं की पेपर मला द्यायचे. सात महिन्यांत गेले. वर नाही हो, घरी! मुलाने किडनी दिली. मुलगा बँकेत, त्याला दोन महिने पगारी रजा मिळाली. माझी शॉन्ट्रेलही द्यायला निघाली होती. तपासलं तर चौतिसाव्या वर्षी तिचंच ब्लड प्रेशर चढलेलं. नसतं चढलेलं तरी काय? ती ज्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळी घालते, तिथे दोन दिवस गेली नाही तर तिसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी बाई उभी. लोक म्हणतात, आजार तुमच्या रक्तातच आहे. अरे, माझ्या रक्तात काय आहे ते मला विचारा, आठवड्यातून तीनदा बाहेर काढून बघते मी. रक्तात काही नाही. जे आहे ते पगारात आहे.

तर एप्रिलात पत्र आलं. शहरातल्या ज्या मोठ्या हॉस्पिटलच्या यादीत माझं नाव आहे, त्यांचं. शॉन्ट्रेलने दोनदा वाचून दाखवलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं ती थट्टा करतेय. किडनी किती चालते याचा एक आकडा असतो. तो वीसवर किंवा त्याखाली आला की यादीत नाव घालता येतं आणि तिथून तुमची वर्षं मोजायला लागतात. ज्याची वर्षं जास्त, त्याला किडनी आधी. आता पत्रात लिहिलं होतं की जुन्या सूत्रात, माणूस काळा असला की त्या आकड्यात वरून थोडी भर घालत. म्हणजे किडनी आहे त्याहून बरी दिसे, आणि नाव यादीत उशिरा जाई. ते सूत्र आता रद्द झालंय. डायलिसिसच्या आधीचा एखादा रिपोर्ट मिळाला आणि त्यात भर न घालता आकडा वीसच्या आत निघाला, तर तेव्हापासूनची वर्षं तुमच्या खात्यावर लावू.

"म्हणजे यांनी इतकी वर्षं मला रांगेत उभंच राहू दिलं नाही?" मी म्हटलं.

"आई, आरडाओरडा नंतर कर. आधी रिपोर्ट शोध."

आम्ही फोन केला. मिस प्रूइट नावाची बाई बोलली, आवाज गोड. म्हणाली, "आम्ही शोधलं, मिसेस टॉलिव्हर. तुम्ही ज्या क्लिनिकमध्ये जात होता ते बंद झालंय, त्यांच्या नोंदी कुणाकडेच नाहीत. तुमच्यापाशी एखादा कागद असेल तर जूनअखेरपर्यंत घेऊन या. नसेल तर मात्र..."

मात्र काय ते मला ठाऊक होतं. माझी साडेतीन वर्षं झाली होती. आमच्या भागात साडेपाच-सहा वर्षांआधी कुणाला फोन आल्याचं ऐकिवात नाही. आणि माझा उजवा हात तोवर थांबणार नव्हता.

कागद होता. एकच होता. आणि तो शेवटचा मी पाहिला तेव्हा क्लोटीलच्या हातात होता.

ते असं झालं. एकोणीस वर्षं मी माशांच्या कारखान्यात लाइनवर उभी होते. मांगूर मासे सोलायचे, कापायचे, काटे काढायचे. पायात रबरी बूट, बुटाखाली पाणी, आणि प्यायला पाणी असून प्यायचं नाही, कारण शिफ्टमध्ये संडासला दोनदाच सोडत. तिसऱ्यांदा हात वर केला की मुकादम रँडी घड्याळाकडे बघायचा. मग आम्ही बायका तहान गिळायला शिकलो. पाय सुजले, डोकं धरलं, की वरून दुखण्याच्या दोन गोळ्या गिळायच्या. त्याच गोळ्या किडनीला खातात, हे आम्हाला कुणी सांगितलं? कारखान्यामागे एका ट्रेलरात क्लिनिक होतं, बुधवारी डॉक्टर यायचा. दोन हजार सतराच्या ऑगस्टमध्ये त्याने रक्त काढलं, कागद दिला आणि म्हणाला, "किडनी खराब आहे, पण आकडा एकवीस आहे. वीसपर्यंत उतरला की यादीचं बघू. तुला अजून वेळ आहे." मला वाटलं, चला, देवाची कृपा.

त्याच रविवारी चर्चमध्ये सूचना वाचायची वेळ झाली. आमच्या माउंट पिझगा चर्चमध्ये क्लोटील सूचना वाचते म्हणजे काय वाचते! पंचवीस वर्षं सेक्रेटरी आहे. तिचा नियम एकच, चर्चकडे आलेला कागद आधी चोरून बघायचा नाही आणि अर्धवट सोडायचा नाही. पाकीट सगळ्यांसमोर फोडायचं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचायचं. एकदा एका बाईच्या आभारपत्रामागे किराण्याची यादी होती, ती पण वाचली हिने. तर त्या दिवशी माझ्या भावाच्या मयताला ज्यांनी फुलं पाठवली त्यांच्या आभाराचं माझं पत्र वाचायचं होतं. क्लोटीलने पाकीट फोडलं, चष्मा चढवला.

"रुग्णाचं नाव: टॉलिव्हर, वर्नेल. वय: चोपन्न. क्रिएटिनिन: दोन पूर्णांक आठ."

तो माझ्या रक्ताचा रिपोर्ट होता! ती वाचतेच आहे, जशी काही बायबलमधली वंशावळ वाचतेय.

"किडनीचं काम. आफ्रिकन अमेरिकन असल्यास: एकवीस. आफ्रिकन अमेरिकन नसल्यास: अठरा."

तेवढ्यात डीकनांच्या, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांच्या, बाकावरून तिचा नवरा रॉस्को बोलला, "इथे नसलेला कोण आहे, बाई?" आणि सगळं चर्च हसलं. रॉस्कोचं तसंच होतं, तो मयतातही हसवायचा. पण त्या दिवशी मी भर चर्चमध्ये उघडी पडले होते. बाहेर व्हरांड्यात मी क्लोटीलला धरलं. "जाळून टाक तो कागद! आणि परत माझं नाव तुझ्या तोंडून काढू नकोस!" ती म्हणाली, "पाकीट तूच दिलंस, नेल." मी म्हटलं, "खोटारडी! तूच माझ्या पर्समधून भलतं उचललंस."

सोमवारी कारखान्यात सगळ्यांना माहीत. लाइनवरच्या चार जणी आमच्याच चर्चच्या. मंगळवारी रँडीने बोलावलं. "वर्नेल, आजारी माणसाच्या हातात आम्ही सुरी देऊ शकत नाही." बसून करायचं काम द्या म्हटलं, तर म्हणे तसं काम नाही. तसं काम होतं, ऑफिसात होतं, पण तिथे बसायला आमच्यातल्या कुणाला कधी नेलंच नव्हतं. नोकरी गेली, नोकरीबरोबर विमा गेला, विम्याबरोबर डॉक्टर गेला. दोन वर्षं मी कुठलाही आकडा बघितला नाही. डिसेंबर एकोणीसमध्ये दुकानात साबणांच्या फळीपाशी कोसळले, ती थेट खुर्चीवरच उठले.

म्हणून मी क्लोटीलशी बोलत नव्हते. पुढच्याच वर्षी, म्हणजे अठरा साली, रॉस्को गेला, तेव्हाही मी गेले नाही. केकसुद्धा पाठवला नाही. आमच्यात मयताच्या घरी केक न पाठवणं म्हणजे काय, ते आमच्या गावात कुणालाही विचारा.

पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी. शॉन्ट्रेलने गाडी नेऊन तिच्या दारात उभी केली आणि म्हणाली, "उतर."

क्लोटील पुढच्या पडवीत बसून शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"वाट चुकलीस वाटतं," ती म्हणाली.

"कागद पाहिजे."

"कुठला?"

"तुला चांगला माहितीये कुठला."

"तू तर जाळायला सांगितला होतास."

"जाळलास?"

तिने हातातली शेंग टोपलीत टाकली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "चर्चचा कागद जाळायला मला काय वेड लागलंय? दप्तरात आहे."

मी तिथेच पायरीवर बसले. मग म्हटलं, "दे."

"नाही."

"म्हणजे?"

"एकदा वाचला गेला की तो तुझा नाही, चर्चचा. बाहेर काढायचा तर सभेत ठराव हवा, अनुमोदन हवं, मतं हवीत."

"क्लोटील, मी मरतेय!"

"मर की. पण नियमाने मर." तिने पुन्हा शेंगा घेतल्या. "आणि ठरावाच्या आधी दुसरं एक आहे. त्या दिवशीचं इतिवृत्त अजून मंजूर झालेलं नाही. 'सिस्टर टॉलिव्हर यांनी स्वतःच्या हाताने दिलेलं पाकीट,' असं मी लिहिलं होतं. 'स्वतःच्या हाताने' यावर तू हरकत घेतलीस. सहा वर्षं ते पान तसंच लटकलंय. पान मंजूर नाही तर त्याला जोडलेला कागद सुटत नाही. बुधवारी ये."

गाडीत बसल्यावर मी इतक्या शिव्या दिल्या की शॉन्ट्रेलने काचा वर घेतल्या. म्हटलं, ही बाई माझ्या मढ्यावरही ठराव मांडेल! शॉन्ट्रेल हळूच म्हणाली, "आई, पाकीट खरंच कुणी दिलं होतं?"

मी रेडिओ लावला.

बुधवारी बायबलच्या वर्गानंतर सभा भरली. तीसेक माणसं होती, पंखे फिरत होते. पास्टर ग्रेडींनी विचारलं, "सिस्टर टॉलिव्हर, तुमची हरकत अजून आहे का?"

मी उभी राहिले. घरून मी चांगलं फिरवून फिरवून बोलायचं ठरवून आले होते. पण समोर क्लोटील पेन उघडून बसली होती, मी बोलेन ते लिहायला, आणि तिच्यामागे डीकनांच्या बाकावर रॉस्कोची जागा रिकामी होती.

"हरकत मागे घेते," मी म्हटलं. "पाकीट मी दिलं. शनिवारी डबल शिफ्ट केली होती, बोटं इतकी सुजली होती की पर्स उघडता येत नव्हती. आत दोन पाकिटं होती, दोन्ही पांढरी. मी न बघता एक काढलं आणि तिच्या हातात ठेवलं. माझ्या या हाताने. व्हरांड्यात मला ते माहीत होतं. तरी मी हिला खोटारडी म्हणाले, कारण रँडीला तसं म्हणायची माझी छाती नव्हती. हिला म्हणता येत होतं."

क्लोटीलचं पेन चालत होतं. लिहून झालं तशी ती म्हणाली, "'छाती नव्हती' हे लिहू?"

"लिही," मी म्हटलं. "टिंबापर्यंत लिही."

पान मंजूर झालं. ठराव आला, अनुमोदन आलं, हात वर झाले. क्लोटीलने पत्र्याची पेटी उघडली, दोरी सोडली आणि कागद काढला. जुना, घडीवर पिवळा पडलेला. मी हात पुढे केला, तर म्हणते, "थांब. दप्तरातून कागद जाताना वाचून जातो."

आणि वाचला. तोच चष्मा, तोच आवाज. "आफ्रिकन अमेरिकन असल्यास: एकवीस. आफ्रिकन अमेरिकन नसल्यास: अठरा." या वेळी कुणी हसलं नाही. आता हॉस्पिटलची पत्रं आणखी तीन घरांत आली होती, सगळ्यांना अर्थ कळत होता. मागून एक म्हातारी म्हणाली, "देवा रे." 'नसल्यास'पाशी क्लोटीलचा आवाज क्षणभर अडला. पंचवीस वर्षांत तो कधी अडलेला मी ऐकला नव्हता.

कागद मात्र तिने माझ्या हातात दिलाच नाही. "चर्चचा कागद सेक्रेटरीशिवाय गाव सोडत नाही," म्हणाली. "शुक्रवारी मला घ्यायला या. आणि गाडीत ती रेडिओवरची गाणी नकोत."

शुक्रवारी ती चर्चच्या कपड्यांत आली, टोपी, हातमोजे, सगळं. मांडीवर पत्र्याची पेटी आणि वर फडक्यात बांधलेला केक. "हा साधा आहे, लोण्याचा," ती म्हणाली. "रताळ्याचा तुला चालत नाही ना? मी डायलिसिसवाल्या नर्सला विचारून केला." आमच्यात खायला जे जे चांगलं, ते ते मला बंद. रताळं बंद, पालेभाजी बंद, राजमा बंद, पाणीसुद्धा मोजून. मी केकचा तुकडा तोंडात घातला आणि कापसाच्या शेतांकडे बघत राहिले.

अर्धी वाट झाल्यावर ती आपणहून बोलायला लागली.

"त्या रविवारी घरी गेल्यावर रॉस्को जेवलाच नाही. सगळ्यांना हसवून आला आणि ताटावर गप्प बसला. मग उठून कपाटातून स्वतःचा कागद काढला. त्याचीही किडनी कधीची बिघडली होती, आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच दोन ओळी, नेल. असल्यास तेवीस, नसल्यास एकोणीस. आम्ही वरचीच ओळ वाचायचो. दुसरी ओळ आपली नाही, असंच वाटायचं."

"मग?"

"मग मी त्याला डॉक्टरकडे नेलं. विचारलं, एका माणसाच्या किडनीला दोन आकडे कसे? तर म्हणाला, तुमच्या लोकांच्या अंगात मांस जास्त असतं, म्हणून तसं धरतात. मी म्हटलं, डॉक्टर, हा माणूस सकाळी लोणच्याची बरणी उघडायला मला हाक मारतो. तो हसला. म्हणाला, अजून वेळ आहे." तिने पेटीवरचा हात हलवला नाही. "आठ महिने होता वेळ."

शॉन्ट्रेल समोर बघून गाडी चालवत होती, पण तिने गाडीचा वेग कमी केला होता. मी म्हटलं, "क्लो, मी केक पाठवला नाही."

"नाही पाठवलास," ती म्हणाली. "मी मोजले होते. बावीस आले, तेवीस यायला हवे होते." आणि मग म्हणाली, "रडू नकोस, पाणी तुला मोजून आहे."

हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या मजल्यावर मिस प्रूइटची खिडकी होती. तिशीची गोरी मुलगी, चेहऱ्यावर झोप नाही. बिचारीने ते सूत्र थोडंच केलं होतं? पण खिडकीत तीच बसली होती, म्हणून मी तिच्याचकडे रोखून बघितलं. क्लोटीलने कागद सरकवला.

मिस प्रूइट म्हणाली, "हा मूळ रिपोर्ट आहे का? मध्ये कुणाकडे होता, ते आम्हाला..."

"मागे बघा," क्लोटील म्हणाली.

मागे चर्चचा शिक्का होता. वाचल्याची तारीख, वेळ, वाचणाऱ्याची सही, दोन साक्षीदार. खाली बुधवारच्या ठरावाचा क्रमांक. मिस प्रूइटने ते दोनदा वाचलं. "आमच्याकडेसुद्धा कुणी इतकं नीट ठेवत नाही," ती म्हणाली. मग तिने नव्या सूत्रात आकडे घातले. मी काउंटरची कड धरून उभी होते. शॉन्ट्रेलने माझा डावा हात धरला होता, बसलेल्या शिरेवरच.

"एकोणीस," मिस प्रूइट म्हणाली. "बसतं, मिसेस टॉलिव्हर. ऑगस्ट सतरापासून. दोन वर्षं चार महिने तुम्हाला परत मिळाले. तुम्ही आता खूपच वर गेलात यादीत. या वर्षात फोन येऊ शकतो."

शॉन्ट्रेल रडायला लागली. मिस प्रूइट माझ्याकडे बघून हसली, थांबली. मी थँक्यू म्हणेन अशी वाट बघत असावी. मी म्हटलं, "परत मिळाले नाहीत, पोरी. ते माझेच होते. तुमच्याकडे अडकले होते." ती लाल झाली, पण मान हलवून हो म्हणाली. एवढं खरं, की ती हो म्हणाली.

मी निघायला वळले. क्लोटील हलली नाही. तिने पेटीतून दुसरा कागद काढला आणि खिडकीत ठेवला.

"हाही घ्या."

मिस प्रूइटने नाव बघितलं, कळा दाबल्या. "रॉस्को हार्ग्रोव्ह. हे आमच्या यादीत नव्हतेच. आणि इथे तर... ते वारलेत, मिसेस हार्ग्रोव्ह."

"मला माहितीये. मी पुरलंय त्यांना."

"मग मी याचं काय करू?"

"तारीख घाला, शिक्का मारा, ठेवा."

"पण याला आमच्याकडे जागाच नाही. आता यांना वर्षं देऊन..." ती अडखळली.

"वर्षं नकोत मला," क्लोटील म्हणाली. "नोंद हवी. तुमचा आकडा चुकला, हे तुम्ही जिवंत माणसांच्या कागदावर लिहिताय. मेलेल्यांच्या कागदावर कोण लिहिणार?"

"मॅडम, मला तसा अधिकार नाही."

"बरं," क्लोटील म्हणाली. तिने कागद परत उचलला, चष्मा चढवला आणि खोलीकडे तोंड केलं. वीस-पंचवीस माणसं बसली होती आपापल्या फाइली मांडीवर घेऊन. बहुतेक आमचीच, बहुतेकांच्या हातांना पट्ट्या.

"रुग्णाचं नाव: हार्ग्रोव्ह, रॉस्को. वय: एकसष्ट. किडनीचं काम. आफ्रिकन अमेरिकन असल्यास: तेवीस. आफ्रिकन अमेरिकन नसल्यास: एकोणीस. निधन: एप्रिल दोन हजार अठरा. यादीत नाव: नाही."

एका अक्षरालाही तिचा आवाज हलला नाही. खोलीतला टीव्ही कुणीतरी बंद केला. सिक्युरिटीवाला दारातून आत आला आणि तिथेच थांबला, तोही आमच्यातलाच.

मला त्या बाईचं वाचून झाल्यावर काय करायचं असतं, ते पंचवीस वर्षांपासून ठाऊक आहे. मी म्हटलं, मोठ्याने म्हटलं, "सेक्रेटरींनी वाचलेला कागद या हॉस्पिटलच्या दप्तरी घ्यावा, असा मी ठराव मांडते."

"कुणाचं अनुमोदन?" क्लोटीलने विचारलं.

खिडकीजवळ एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बसला होता. आयुष्यात कधी पाहिला नव्हता मी त्याला. "माझं," तो म्हणाला. "माझी बायको पण लिहा. तिचा कागद उद्या आणतो."

"मतं?"

एकेक हात वर गेला. पट्टीवाले, सुजलेले, सुया टोचून गाठी आलेले हात. शॉन्ट्रेलचा गेला. सिक्युरिटीवाल्याने इकडेतिकडे बघितलं आणि त्याचाही गेला. उजवा हात जपा, उगाच ताणू नका, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. मी उजवाच वर केला, खांद्यापासून सरळ, आणि खाली घेतला नाही.

मग मिस प्रूइटने खण उघडला आणि शिक्का काढला.